अम्मीची पाटी

गंगापूरच्या बसस्थानकावर एखादी वृद्ध बाई तुम्हांला विचारते, "बेटा, ही गाडी लासूरला जाते का?" गाडीवर पाटी असते. अक्षरेही ठळक असतात. तुम्ही उत्तर देता आणि निघून जाता. पण त्या बाईला दिवसभरात असे किती जणांना विचारावे लागत असेल? औषध दिवसातून किती वेळा घ्यायचे, पासबुकात किती रुपये शिल्लक आहेत, ज्या कागदावर अंगठा उठवायचा त्यावर काय लिहिले आहे, हे सारे दुसऱ्याने वाचून सांगायचे. आणि सांगणारा खरे सांगतो असे समजून चालायचे.

अशा मोठ्या माणसांसाठी आपल्या मोहल्ल्यात साक्षरता वर्ग सुरू करायचा झाला, तर आधी काय शोधाल? पाट्या आणि खडू? ते मिळतात. आधी वेळ शोधावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच शेतात जातात. वाळूजच्या कारखान्यांत कामगारांच्या पाळ्या बदलतात. रात्री आठ वाजता शाळेत वर्ग ठेवला आणि कोणी आले नाही, तर चूक न येणाऱ्यांची नव्हे, वेळ ठरवणाऱ्याची आहे.

ही गोष्ट मुंबईत कुलसुम सयानी यांनी फार पूर्वी ओळखली होती. त्यांचा जन्म १९०० सालचा. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत प्रौढ साक्षरतेचे काम सुरू झाले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की पडद्यात राहणाऱ्या स्त्रिया वर्गापर्यंत येऊच शकत नाहीत. मग त्यांनी वर्गच घरी न्यायचे ठरवले. त्या दारोदार हिंडल्या. घरातल्या मोठ्यांची समजूत घातली. शिक्षिका घरी जाऊन शिकवू लागल्या.

पण खरी अडचण पुढे आली. अक्षरे शिकलेल्या बायांनी वाचायचे काय? मुलांच्या पुस्तकातले मांजर आणि उंदीर त्यांना नको होते. वर्तमानपत्राची भाषा फार अवघड होती. वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे काही महिन्यांत विसरली जातात. म्हणून १९४० साली कुलसुमबेननी 'रहबर' नावाचे पाक्षिक काढले. रहबर म्हणजे वाट दाखवणारा, हे तुम्हांला सांगायला नको! त्याची भाषा सोपी हिंदुस्थानी होती, आणि तीच भाषा नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापली जाई. हे पाक्षिक १९६० पर्यंत, म्हणजे वीस वर्षे चालले. त्यांचा मुलगा अमीन शाळकरी वयापासून या कामात आईला मदत करी. पुढे रेडिओवर सारा देश ज्यांचा आवाज ओळखू लागला, ते अमीन सयानी हेच.

लिपीचा हा प्रश्न तुमच्या घरीही येईल. अम्मीला आधी उर्दू शिकवावे की मराठी? घरात उर्दू बोलतात, पण बसवरची पाटी मराठीत असते. माझ्या मते याचे उत्तर अम्मीलाच विचारावे. कोणाला कुरआनबरोबर उर्दू कहाण्याही वाचायच्या असतात, कोणाला आधी दवाखान्याचा कागद वाचता यायला हवा असतो. ज्याची गरज रोज पडते, ते माणूस लवकर शिकते.

शिकवताना मात्र एक गोष्ट आठवा. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची सवय असलेला तुमचा हात मराठीच्या पहिल्या तासाला कसा अडखळला होता? तेव्हा कोणी हसले असते तर? चाळिशीतल्या बाईला ते हसू जास्त लागते. ती उद्यापासून "घरात काम आहे" असे म्हणेल, आणि आपल्याला ते खरेच वाटेल.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी हाच गणवेश समजून नेसत आणि पाटी-दप्तर घेऊन वर्गात जात. वर्ग दुपारी भरे, कारण तोवर घरची कामे उरकलेली असत. लाज वाटायची ती जागा गणवेशाच्या ऐटीने घेतली.

सरकारनेही २०२२ ते २०२७ या काळासाठी 'नवभारत साक्षरता कार्यक्रम' आखला. तो पंधरा वर्षे व त्यापुढील निरक्षरांसाठी आहे. त्यात शिकवणारे स्वयंसेवक असतात, आणि शाळेतील विद्यार्थ्यांनाही स्वयंसेवक होता येते. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात या कार्यक्रमाची परीक्षा झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण होते.

त्या दिवशी मोठी माणसे बाकांवर बसून पेपर लिहीत होती. अशा परीक्षेला तुमची अम्मी किंवा दादी निघाली, तर तिच्यासोबत शाळेच्या फाटकापर्यंत जा. तिची पेन्सिल टोक काढून तयार ठेवा.