कण्हेर खाल्ली, पण कोणती?

विषबाधेचा रुग्ण दवाखान्यात आला की नातेवाइकांना पहिला प्रश्न असतो, ‘काय खाल्लं?’ ‘कण्हेर’ या उत्तराने डॉक्टरचे काम भागत नाही. कण्हेर म्हणून दोन झाडे ओळखली जातात. एक लाल-पांढऱ्या फुलांची, लांब शेंगांची. दुसरी पिवळ्या फुलांची, म्हणजे बिट्टी. दोन्हींचे विष हृदयाचे ठोके बिघडवते, त्यामुळे रुग्णाला ईसीजीच्या देखरेखीखाली ठेवावेच लागते. इथे नावाचा घोळ निभावून जातो.

‘ब्राह्मी’च्या बाबतीत तो निभावत नाही. ओलसर जागी पसरणारी, जाड बारीक पानांची एक ब्राह्मी. गोल पानांची दुसरी, जिला मंडूकपर्णी म्हणतात. उत्तर भारतात बऱ्याच ठिकाणी दुसरीलाच ब्राह्मी म्हणतात. दोघींची कुळे वेगळी, त्यातली द्रव्येही वेगळी. मग औषधाच्या बाटलीवरच्या ‘ब्राह्मी’चा अर्थ काय घ्यायचा? म्हणून बाकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका ही जड वाटणारी लॅटिन नावे लागतात. स्वीडनच्या लिनियसने 1753 साली रूढ केलेली ही दोन शब्दांची नावे जगभर एकच राहतात.

पश्चिम भारतात ही शिस्त रुजवणाऱ्यांत एक ख्रिस्ती धर्मगुरू होते. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव 1903 साली स्पेनमध्ये जन्मले. जेझुइट पंथाचे हे फादर लंडन विद्यापीठाचे डॉक्टरेट, आणि 1940 पासून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. याच कॉलेजात त्यांच्याआधी स्विस जेझुइट फादर ब्लाटर यांनी वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभा केला होता. तो आजही ब्लाटर यांच्याच नावाने ओळखला जातो.

सांतापाव यांचा खरा वर्ग खंडाळ्याच्या डोंगरात भरे. तिथे ते पुनःपुन्हा जात. काही वर्षांच्या अंतराने एकदमच फुलून मरणाऱ्या कारवीवर त्यांनी लिहिले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1953 साली आला. पुढे पुरंदरवरही आला. याखेरीज त्यांनी एक किचकट काम केले, ज्याचे कौतुक फारसे होत नाही. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जुनी नावे एकेक करून तपासली आणि चुकलेली दुरुस्त केली. 1954 साली ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, नंतर संचालक. त्यांच्या काळातच, 1955 साली, पुण्यात सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय सुरू झाले. 1967 साली पद्मश्री मिळाली आणि 1970 साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

बीड मात्र या नकाशात बराच काळ कोरे होते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा प्रसिद्ध ग्रंथ (1901 ते 1908) निजामाच्या हद्दीत शिरला नाही, कारण बीड त्या इलाख्यात नव्हतेच. झाडांना राज्याची सीमा कळत नाही, ग्रंथांना कळते! ही उणीव औरंगाबादच्या प्रा. व्ही. एन. नाईक यांनी भरून काढली. त्यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1998 साली निघाला. बालाघाटाच्या माळावरची झुडपे ओळखायला आज तो हाताशी आहे.

पण ग्रंथ चाळायचा तर हातात फांदी हवी. नुसत्या पानावरून जाणकारही चकतात. फूल आणि फळ असेल तर ओळख सोपी होते. विषबाधा झाल्यावर रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे, फांदी शोधण्यात वेळ घालवू नये. घरी राहिलेल्या कुणीतरी मागाहून त्याच झाडाची पान, फूल, फळासकट डहाळी तोडून आणावी. ती वर्तमानपत्राच्या घडीत ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली की सकाळपर्यंत तिचा काळा गोळा होतो. कागदाच्या कडेला गाव, तारीख आणि झाडाचे स्थानिक नाव लिहावे. ब्लाटर यांच्या संग्रहातल्या कागदांवरही अशीच टिपणे असतात.