इन्व्हर्टरची बॅटरी किती तास चालेल? – एक घरगुती गणित

एप्रिलमधल्या पालकसभेनंतर एका पालकांनी विचारलं, "सर, नवीन बॅटरी आणली, पण लाईन गेली की दोन-अडीच घंट्यातच खलास! दुकानदारानं फसवलं का जी?" मी विचारलं, "इन्व्हर्टरवर काय काय चालतं?" दोन पंखे, दोन ट्यूब, वायफाय आणि कूलर! उमरेडचं ऊन म्हटलं की कूलर आलाच. पण उत्तरही त्यातच होतं. दुसऱ्या दिवशी हेच गणित मी पाचवीच्या फळ्यावर मांडलं.

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी

टाकीत पाणी किती आणि नळ किती मोठा, यावर टाकी कधी रिकामी होईल ते ठरतं. बॅटरीचंही तसंच. बॅटरीवर 12 व्होल्ट आणि 150 अँपिअर-तास लिहिलेलं असतं. गुणाकार करा:

12 × 150 = 1800 वॅट-तास

पण हे सगळे आपल्याला मिळत नाहीत. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. शिवाय बॅटरी पूर्ण रिकामी केली तर ती लवकर खराब होते. म्हणून हाती अंदाजे 1000 वॅट-तास धरा.

आता नळ मोजू या

- दोन साधे पंखे: 75 × 2 = 150 वॅट
- दोन एलईडी ट्यूब: 20 × 2 = 40 वॅट
- वायफाय: 10 वॅट

एकूण 200 वॅट. 1000 ÷ 200 = 5 तास.

यात 200 वॅटचा कूलर जोडला की एकूण 400 वॅट. 1000 ÷ 400 = अडीच तास! म्हणजे दुकानदारानं फसवलं नव्हतं. उलट साध्या पंख्यांऐवजी 30 वॅटचे बीएलडीसी पंखे लावले आणि कूलर काढला, तर एकूण 110 वॅट होतात. मग तीच बॅटरी 9 तास पुरते.

मग इस्त्री का चालत नाही?

1000 वॅटची इस्त्री घरच्या 230 व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर प्रवाह घेते. तेवढीच शक्ती 12 व्होल्टच्या बॅटरीतून काढायची तर 83 अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह लागतो. बॅटरीची वायर एवढी जाड असते ती त्यामुळेच. घरगुती लहान इन्व्हर्टर एवढा भार पेलत नाही, लगेच ट्रिप होतो. गिझर आणि हीटरचंही तेच. नियम सोपा: ज्याचं काम गरम करणं, त्याला इन्व्हर्टरपासून दूर ठेवा.

केरळमध्ये वैकम इथं 2017 पासून 'आदित्य' ही सौर फेरीबोट बॅटरीवर चालते. पाण्यात मधेच बॅटरी संपून कसं चालेल? तिथंही आधी हेच गणित करावं लागतं.

मुलांकडून करून घ्या

घरातल्या पाच उपकरणांवरचे वॅट वहीत लिहून आणायला सांगा. लेबल फक्त वाचायचं, प्लगला किंवा बॅटरीला हात लावायचा नाही. पाण्याच्या बॅटरीत आम्ल असतं आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. म्हणून ती हवेशीर जागी ठेवा, जवळ दिवा-उदबत्ती नको. डिस्टिल्ड वॉटर मोठ्यांनीच भरावं.

त्या पालकांच्या मुलीनं घरी जाऊन स्वतःच यादी केली. आता लाईन गेली की तीच आधी कूलर बंद करते आणि तिच्या अभ्यासाला रात्रभर उजेड पुरतो. गुणाकार-भागाकार कशासाठी शिकायचा, हे तिला आता वेगळं सांगावं लागत नाही.

तुमच्या वर्गात हा उपक्रम करून पाहा आणि अनुभव नक्की कळवा.