इंटरनेटचे पहिले धडे कुठे गिरवावेत?

इंटरनेट शिकवणारं सगळ्यात जास्त साहित्य इंटरनेटवरच आहे आणि नवशिक्याची खरी अडचण तिथेच सुरू होते. धडा सापडायला आधी शोधता आलं पाहिजे. म्हणून पहिला तास-दोन तास तरी शेजारी माणूस हवाच. नात असो की शेजारचा कॉलेजातला मुलगा, अट एकच: फोन त्याने हातात घ्यायचा नाही. "द्या इकडे, मी करून देतो" म्हणणाऱ्याकडून काम होतं, शिकणं होत नाही. दाखवायचं त्याने, दाबायचं तुम्ही.

या पहिल्या बैठकीत फार काही मागू नका. मोबाइल डेटा चालू-बंद करणं, सेटिंग्जमध्ये जाऊन फोनची भाषा मराठी करणं आणि बोलून शोधणं, एवढं पुरे. गूगलच्या चौकटीत माइकचं चित्र असतं. ते दाबून नेहमीच्या आवाजात म्हणा, 'कोल्हापूर पंढरपूर एसटी वेळापत्रक'. बोललेले शब्द स्क्रीनवर उमटतात. काही भलतंच उमटलं तर पुन्हा माइक दाबून बोला, त्यात बिघडत काहीच नाही. मग उत्तरांची यादी येते. कधी कधी वरच्या एक-दोन उत्तरांवर 'प्रायोजित' असं बारीक लिहिलेलं असतं. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात. ती सोडून खाली या आणि प्रत्येक उत्तराजवळचा साइटचा पत्ता वाचायची सवय आताच लावून घ्या. सरकारी साइटचा पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो.

शोधणं जमलं की व्हिडिओंचं दार उघडतं. यूट्यूबवर 'इंटरनेट शिका' असं मोघम शोधलं तर ढीग समोर येतो. त्यापेक्षा आज अडलेलं एकच काम विचारा: 'व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो कसा पाठवायचा मराठी'. व्हिडिओ कधी टाकला आहे तेही बघा, कारण अ‍ॅपमधली बटणं जागा बदलत राहतात आणि जुन्या व्हिडिओतलं बटण तुमच्या फोनवर सापडणार नाही. सांगणारा भरभर बोलत असेल तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये वेग कमी करता येतो.

संगणक हाताशी असेल तर मी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा मोफत उपक्रम आवर्जून सुचवेन. त्यात जीमेल आणि फायरफॉक्ससारख्या विषयांवरचे धडे आहेत आणि अनेक धडे मराठीतही ऐकता येतात. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. त्याची संहिता त्या विषयातल्या नवख्या माणसाकडूनही तपासून घेतली जाते, म्हणजे जाणकाराला किरकोळ वाटणारी आणि म्हणून त्याच्याकडून सुटणारी पायरी राहून जात नाही. मला या उपक्रमाबद्दल सर्वांत आदर वाटतो तो यासाठी. शिकायची रीतही ठरलेली आहे: स्क्रीनच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष प्रोग्राम. एक पायरी बघायची, व्हिडिओ थांबवायचा, तेच स्वतः करायचं, मग पुढे जायचं. दहा मिनिटांच्या धड्याला अर्धा तास लागला तर तो नीट शिकला गेला समजा. यूट्यूबवरचा कुठलाही व्हिडिओही असाच बघावा.

पैशांचे व्यवहार मात्र व्हिडिओ बघून एकट्याने सुरू करू नका, घरच्या माणसाला बसवा. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे मिळतील म्हणून पिन टाकायला सांगणारा लुबाडायला बसलेला असतो. फसवणूक झालीच तर लाजून गप्प राहू नका, लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

राहिला क्लास. महाराष्ट्रात एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कोर्स 2002 पासून चालतो आणि त्याची केंद्रं तालुक्याच्या गावीही आहेत. नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं असेल तर तो करावाच. पण मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलणं आणि वीजबिल भरणं एवढंच हवं असेल, तर पूर्ण कोर्सची गरज नाही. केंद्र सरकारने 2017 मध्ये ग्रामीण भागासाठी 'पीएमजीदिशा' ही योजना आणली, तेव्हा प्राथमिक ओळखीसाठी 20 तासांचंच प्रशिक्षण ठेवलं होतं. कुठल्याही क्लासची फी भरण्याआधी एक तास बसून बघू द्या म्हणावं. प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळतो का, शिकवणारा मराठीत समजावतो का आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तर त्याच्या कपाळावर आठी पडते का, हे तेवढ्या वेळात कळतं.