नळीचे दिवस मोजावेत

१९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेव्हा जे औषध मरणाच्या दारी पोचलेल्या रोग्याला माघारी आणू शकते ते आता आपल्याच मुलखात तयार होणार, ही गोष्ट मोठ्या समाधानाची होती. परंतु त्याआधी नऊ वर्षे, १९४५ साली, नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्या औषधाचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी बजावून ठेवले होते की, अपुऱ्या मात्रेत दिलेल्या औषधाने जंतू मरत नाहीत, ते त्या औषधाला सरावतात. या इशाऱ्याची सत्यता आज सर्वाधिक तीव्रतेने जाणवते ती इस्पितळांत.

इस्पितळातील कोणत्या रुग्णाला अशा सरावलेल्या जंतूंपासून अधिक भय असते, हे पाहताना डॉक्टर प्रथम विचारतात तो प्रश्न मागील तीन महिन्यांत घेतलेल्या प्रतिजैविकांचा. आपल्या आतड्यांत असंख्य निरुपद्रवी जंतूंची वस्ती असते; प्रबळ औषधाने ते जुने रहिवासी परागंदा झाले, म्हणजे औषधाला दाद न देणारे जे थोडके उरतात, त्यांना सारे रान मोकळे मिळते. ज्या औषधाने एक दुखणे बरे होते, तेच अशा रीतीने पुढच्या दुखण्याची जमीन तयार करून ठेवते.

दुसरे कारण नळ्यांचे. मूत्राशयात घातलेली रबरी नळी बाहेरून स्वच्छ दिसते. परंतु तिच्या पृष्ठभागावर जंतू चिकटतात, आपल्याभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात, आणि त्या आवरणाआड औषधाची मात्रा पुरेशी पोचत नाही. ही नळी राहील त्या प्रत्येक दिवशी मूत्रात नव्याने जंतू शिरण्याची शक्यता शेकडा ३ ते ७ इतकी असते. तपासणीसाठी रुग्णाला नेताना नातेवाईक प्रेमाने लघवीची पिशवी उचलून त्याच्या पोटावर ठेवतात, आणि पिशवीतील लघवी उलटी मूत्राशयाकडे वाहू लागते. म्हणून पिशवी सदैव मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, परंतु जमिनीला न टेकता असावी. नळी जितके दिवस राहील तितका धोका अधिक, हा न्याय मोठ्या शिरेतील सलाईनची नळी आणि व्हेंटिलेटरसाठी श्वासनळीत घातलेली नळी यांनाही लागू आहे.

वार्धक्य, मधुमेह, डायलिसिस, मोठी शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातील दीर्घ मुक्काम आणि एका इस्पितळातून दुसऱ्यात झालेली रवानगी, ही आणखी कारणे होत. यांतील वय वा व्याधी टाळणे आपल्या हाती नाही. परंतु एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जंतू नेणारे हात धुणे निश्चितच आपल्या हाती आहे, आणि त्याचे महत्त्व व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच सिद्ध केले होते.

म्हणून वाचकहो, आपले माणूस इस्पितळात दाखल असेल, तर पूर्वी घेतलेल्या औषधांचे कागद डॉक्टरांना दाखवा, खाटेजवळ जाण्यापूर्वी व तेथून निघताना हात धुवा, आणि रोज सकाळी विनयाने, पण न चुकता विचारा: ही नळी आजही आवश्यक आहे काय?