हरिण-शिकारीची रायफल : किशोरांसाठी कॅलिबरची निवड

रायफलीच्या नळीच्या अंतर्व्यासाला कॅलिबर म्हणतात. तो इंचाच्या दशांशात किंवा मिलिमीटरमध्ये सांगण्याचा प्रघात आहे. शिकारीच्या संदर्भात मात्र ‘कॅलिबर’ या शब्दाने केवळ व्यास नव्हे, तर विशिष्ट काडतूस अभिप्रेत असते. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार हा कायद्याने नियंत्रित केलेला व ग्रामीण कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला व्यवसाय व छंद आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक राज्यांत दहा-बारा वर्षांची मुले प्रौढांच्या देखरेखीखाली त्यात भाग घेतात. अशा किशोराला पहिली रायफल देताना तिचे कॅलिबर कोणते असावे, हा प्रश्न दोन परस्परविरोधी गरजांतून निर्माण होतो. जनावर विनायातना व तत्काळ मरावे एवढी शक्ती गोळीत हवी आणि त्याच वेळी रायफलीचा धक्का मुलाला न घाबरता सोसता आला पाहिजे. यांपैकी दुसऱ्या गरजेकडे दुर्लक्ष झाल्यास पहिलीही साध्य होत नाही, हे या विषयाचे मध्यवर्ती सूत्र होय.

संज्ञा व नामकरण : काडतुसांची नावे एकाच नियमाने ठरलेली नाहीत. .२४३ विंचेस्टर (१९५५) व .३०८ विंचेस्टर (१९५२) यांच्या नावांतील आकडे गोळीचा इंचातील व्यास दाखवितात. .२७० विंचेस्टरच्या (१९२५) गोळीचा व्यास मात्र प्रत्यक्षात ०.२७७ इंच असतो. .३०-०६ स्प्रिंगफील्डमधील ‘०६’ हे १९०६ या सालाचे निदर्शक आहे, तर १८९५ मध्ये प्रचारात आलेल्या .३०-३० विंचेस्टरमधील दुसरा ‘३०’ हा मूळच्या धूमरहित दारूचे ग्रेनमधील वजन सांगतो. एक ग्रेन म्हणजे सु. ०.०६५ ग्रॅम. .३०८ व .३०-०६ या दोहोंत एकाच व्यासाची गोळी वापरतात. परंतु त्यांच्या पुंगळ्यांची लांबी व दारूचे प्रमाण भिन्न असल्याने त्या परस्परांऐवजी वापरता येत नाहीत. नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे, हा नवशिक्याला शिकवावयाचा पहिला धडा असतो.

लक्ष्य व गोळीचे कार्य : पांढऱ्या शेपटीच्या प्रौढ नराचे वजन सामान्यतः ६० ते १३० किग्रॅ. व मादीचे ४० ते ९० किग्रॅ. असते. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या पिंजऱ्यात, हृदय व फुप्फुसे यांनी व्यापलेले क्षेत्र सु. २० ते २५ सेंमी. व्यासाचे असते. गोळी या क्षेत्रातून गेल्यास रक्तदाब एकदम घसरतो आणि जनावर काही सेकंदांत किंवा थोडे अंतर धावून कोसळते. तीच गोळी पोटात लागल्यास कितीही शक्तिशाली असली तरी हरिण दूरवर पळून जाते व कित्येक तास यातना भोगून मरते. अनेकदा ते सापडतही नाही. म्हणून गोळीच्या शक्तीपेक्षा ती कोठे लागते, याला अधिक महत्त्व आहे. शिकारीसाठी टोक मऊ असलेली व शरीरात शिरल्यावर फुलणारी गोळी वापरतात. पूर्ण धातुवेष्टित लष्करी गोळी अरुंद जखम करून आरपार जाते. त्यामुळे अनेक राज्यांत हरणासाठी तिला मनाई आहे.

धक्क्याचे गणित : गोळी व दारूचे वायू ज्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. खांद्याला जाणवणारी ऊर्जा या संवेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. सु. ३.४ किग्रॅ. वजनाच्या रायफलीसाठी गणित केल्यास स्थूल मानाने पुढील आकडे मिळतात : .२४३ विंचेस्टर (१०० ग्रेन गोळी) १३ जूल; .३०-३० (१५० ग्रेन) १५ जूल, ६.५ क्रीडमोर (१४० ग्रेन) १९ जूल; ७ मिमी.-०८ रेमिंग्टन (१४० ग्रेन) २० जूल; .३०८ (१५० ग्रेन) २३ जूल; .३०-०६ (१५० ग्रेन) २६ जूल. म्हणजेच .३०-०६ चा धक्का .२४३ च्या दुप्पट भरतो. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या काडतुसात तो तिपटीहून अधिक होतो.

याच गणितातून एक सहज न सुचणारी गोष्ट निष्पन्न होते. मुलाला पेलावी म्हणून पालक हलकी रायफल निवडतात. पण तेच काडतूस ३.४ ऐवजी २.७ किग्रॅ. वजनाच्या रायफलीतून उडविल्यास धक्क्याची ऊर्जा सु. सव्वापट होते. यास्तव रायफल हलकी हवी असेल, तर काडतूसही तितकेच सौम्य निवडावे लागते.

धक्क्याचा खरा दुष्परिणाम खांद्यावर नव्हे, तर मनावर होतो. पहिल्या काही फैरींत दुखापत झालेला मुलगा पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणीच डोळे मिटतो, खांदा आकसतो किंवा चापाला हिसका देतो. परिणामी नळीचे टोक किंचित हलते व १०० मीटरवर नेम काही सेंटिमीटरांनी, प्रसंगी हातभर, चुकतो. ही सवय एकदा जडली की मोडण्यास फार कष्ट पडतात. प्रशिक्षक ती ओळखण्यासाठी खऱ्या काडतुसांत नकळत एखादे निष्क्रिय काडतूस मिसळतात; ते ‘उडविताना’ नळी खाली दबली, तर दोष तत्काळ ध्यानात येतो.

प्रचलित पर्याय : .२४३ विंचेस्टर हे .३०८ ची पुंगळी मानेशी अरुंद करून बनविलेले काडतूस होय. त्याची १०० ग्रेन (६.५ ग्रॅ.) गोळी सेकंदाला सु. ९०० मी. वेगाने सुटते व नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा सु. २,६०० जूल असते. धक्का कमी व मार्ग सपाट असल्याने किशोरांसाठी त्याची शिफारस वारंवार केली जाते. मात्र गोळी हलकी असल्यामुळे खांद्याच्या जाड हाडावर किंवा तिरप्या कोनातून मारताना त्यात चुकीला वाव कमी राहतो. लहान प्राण्यांसाठी बनविलेल्या पातळ कवचाच्या गोळ्याही याच काडतुसात मिळतात. त्या हरणासाठी वापरू नयेत.

७ मिमी.-०८ रेमिंग्टन (१९८०) हेही .३०८ च्याच पुंगळीपासून बनले आहे. त्याची १४० ग्रेन (९.१ ग्रॅ.) गोळी सु. ३,३०० जूल ऊर्जा देते. धक्का मध्यम असून मूल वाढल्यावरही रायफल बदलण्याची गरज उरत नाही. त्याची कार्यक्षमता १८९२ च्या ७×५७ माउझर काडतुसाशी मिळतीजुळती आहे. याच माउझर काडतुसाला ब्रिटनमध्ये .२७५ रिग्बी असे नाव होते. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली रायफल याच कॅलिबरची होती. मध्यम कॅलिबरही अचूक हाती पुरेसे ठरते, याचे हे भारतीय वाचकाला परिचित असे उदाहरण आहे.

६.५ क्रीडमोर (२००७) हे मुळात लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी विकसित झालेले काडतूस लांब व सडपातळ गोळीमुळे वेग टिकवून धरते आणि धक्क्याच्या बाबतीत ७ मिमी.-०८ पेक्षा किंचित सौम्य आहे. .३०-३० विंचेस्टर तरफेच्या यंत्रणेच्या आटोपशीर रायफलींत वापरतात. नळीसारख्या कोठीत काडतुसे एकामागे एक राहत असल्याने त्याच्या गोळीचे टोक बहुधा चपटे ठेवतात. त्यामुळे ते दाट जंगलातील जवळच्या अंतरासाठीच योग्य ठरते. .३०८ व .३०-०६ वापरावयाच्याच असल्यास दारू कमी भरलेली, धक्का घटविलेली काडतुसे बाजारात मिळतात. कुटुंबात आधीच असलेली रायफल त्यामुळे कामी येते. .२२३ रेमिंग्टनचा धक्का अत्यल्प असला, तरी त्याच्या ५५ ग्रेन गोळीची ऊर्जा सु. १,७०० जूलच असते व काही राज्यांत ते हरणासाठी बेकायदा आहे.

कायद्याची बंधने : कोलोरॅडोत हरणासाठी किमान ०.२४ इंच कॅलिबर, किमान ७० ग्रेन वजनाची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड (सु. १,३५६ जूल) ऊर्जा आवश्यक आहे. व्हर्जिनियात किमान ०.२३ इंच कॅलिबर लागते. ओहायओने २०१४ पासून सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसे वापरणाऱ्या रायफलींना परवानगी दिली; .३५० लेजंड (२०१९) हे त्या वर्गातील सौम्य धक्क्याचे काडतूस आहे. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरिणविषयक अधिनियमानुसार मोठ्या जातींसाठी किमान ०.२४० इंच कॅलिबर व नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंड (सु. २,३०५ जूल) ऊर्जा विहित आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसेयुक्त गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तेथे वापरावयाच्या तांब्याच्या गोळ्या समान वजनात अधिक लांब असल्याने त्या नळीतील सर्पिल खाचांच्या पिळाशी जुळतात की नाही, हे आधी तपासावे लागते.

रायफलीचे माप व प्रशिक्षण : चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर प्रौढांच्या रायफलीत सु. ३४ सेंमी., तर किशोरांसाठीच्या रायफलीत ३० ते ३२ सेंमी. असते. दस्ता लांब असल्यास तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर टेकतो व सौम्य काडतूसही लागते. पातळ तुकडे घालून लांबी वाढविता येणारा दस्ता वाढत्या मुलासाठी सोयीचा असतो. दस्त्याच्या टोकाला रबराची जाड गादी असावी आणि दुर्बीण डोळ्यापासून पुरेशी दूर बसवावी, अन्यथा ती मागे येऊन भुवईवर आदळते. बार उडताना होणारा आवाज १४० डेसिबेलपेक्षा बराच अधिक असल्याने कानांचे संरक्षण अनिवार्य आहे. नळीच्या तोंडाशी बसविण्याचा धक्कारोधक धक्का कमी करतो, पण वायू बाजूंना व मागे वळवून मुलाच्या कानांवरील आघात वाढवितो.

सुरुवात .२२ रिमफायर रायफलीने करून नेम, श्वास व चाप यांवर ताबा आल्यानंतरच शिकारीचे काडतूस हाती देतात. या शिक्षणाला कायद्याचेही पाठबळ आहे : न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये किशोरांसाठी सुरक्षा-प्रशिक्षण सक्तीचे केले व पुढे इतर राज्यांनी तशा तरतुदी केल्या. बाकावरून नव्हे, तर शिकारीत घ्यावयाच्या बैठकीतून २० सेंमी. व्यासाच्या वर्तुळात जितक्या अंतरावरून मुलाची प्रत्येक गोळी पडते, तेच त्याचे शिकारीचे कमाल अंतर मानावे. कॅलिबरची क्षमता त्याहून कितीही अधिक असली तरी त्याला महत्त्व नाही. अनेकांच्या बाबतीत हे अंतर १०० मीटरच्या आतच राहते. एवढ्या अंतरावर .२४३ पासून .३०-०६ पर्यंतची सर्व काडतुसे योग्य गोळीसह पुरेशी असल्याने त्यांपैकी मुलाला न बिचकता वारंवार उडविता येईल असे काडतूस निवडणे श्रेयस्कर. .२४३ व ७ मिमी.-०८ यांना मिळणारी पसंती याच कारणाने आहे.

भारतातील स्थिती : भारतात हा प्रश्न व्यवहारात उद्‌भवत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आरंभी काही प्राण्यांच्या परवानाधारक शिकारीची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. चितळ, सांबर, काळवीट यांसारख्या प्राण्यांची हौसेखातर शिकार करणे गुन्हा ठरतो. मानवी जीवितास धोका निर्माण करणाऱ्या किंवा असाध्य रोगाने ग्रस्त अशा विशिष्ट प्राण्याच्या बाबतीत सक्षम वन अधिकारी तशी अनुज्ञा देऊ शकतात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील जी मुले तेथील शिकारीत सहभागी होतात, त्यांना त्या त्या राज्याचे परवाने, वयोमर्यादा व कॅलिबरविषयक नियम लागू होतात.