भंगारात निघालेला तांब्याचा बंब परत कसा पेटवायचा?

जुन्या पनवेलमध्ये एखादा वाडा पाडायला घेतला की सागाची दारं आणि खांब आधी विकले जातात, त्यांना गिऱ्हाईक ठरलेलं असतं. न्हाणीघरातून सगळ्यात शेवटी काजळीने माखलेलं, पोचे पडलेलं एक पिंप बाहेर येतं आणि थेट भंगारवाल्याच्या गाडीवर चढतं. ते पिंप म्हणजे पाणी तापवायचा बंब. घरात कुणी साठीच्या पुढचं असेल तर त्यांना विचारा, सकाळी बंब पेटवायचं काम कुणाकडे होतं ते लगेच सांगतील.

बंबाची रचना साधी आहे. तांब्याचं किंवा पितळेचं पिंप, त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेली नळी, नळीच्या तळाशी लोखंडी जाळी आणि खाली राख पडायची जागा. जळण नळीत टाकायचं, पाणी नळीभोवती. विस्तव पाण्याने चारही बाजूंनी वेढलेला असल्याने उष्णता वाया कमी जाते. रशियातल्या आणि काश्मीरमधल्या समोवारची रचनाही हीच. वखारीत बंबासाठी मुद्दाम बारीक फोडलेलं लाकूड मिळायचं, त्याला शब्दच होता ‘बंबफोड’. गॅस आणि गिझर आले, न्हाणीघराचं बाथरूम झालं आणि धूर नकोसा झाला. बंब माळ्यावर गेला, तिथून मोडीत.

मोडीत निघाला की त्याची किंमत फक्त वजनावर ठरते. भंगारवाल्याच्या लेखी तांब्याच्या तुटक्या तारा आणि हाताने ठोकून घडवलेला बंब एकाच भावाचे. तो वितळला की घडणावळीचे सगळे तास गेले. पुण्यात दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी उभारलेलं संग्रहालय पाहिलं की कळतं, लोकांनी ज्या वस्तूंना वस्तू मानलं नाही त्यांचंच मोल नंतर वाढलं. पण प्रत्येक बंब संग्रहालयात जाणार नाही आणि जायची गरजही नाही. तो अजून काम करू शकतो.

घेण्याआधी काय बघायचं? कुठेतरी काजळी खरवडा. आत लालसर दिसलं तर तांबं, पिवळं दिसलं तर पितळ. लोहचुंबक दोन्हीला चिकटत नाही, पण पत्र्यावर तांब्याचा नुसता मुलामा असेल तर चिकटतो. मग तोटी बंद करून बंब रात्रभर पाण्याने भरून ठेवा. सकाळी सांधे ओले दिसले तर डाख सुटला आहे, ते दुरुस्त होतं. खरी परीक्षा मधल्या नळीची. विस्तवाचा मारा तिनेच खाल्लेला असतो. ती जागोजागी पातळ झाली असेल तर नवी बसवावी लागते आणि तो खर्च धरूनच भाव करावा. लोखंडी जाळी बहुतेक वेळा गंजून गेलेली असते, ती कुठलाही लोहार करून देतो.

पोचे काढायला मात्र घरी हातोडी घेऊन बसू नका. ठोकलं की तांबं कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. तांबट आधी ते तापवून मऊ करतो, मगच ठोकतो. गंमत म्हणजे तापलेलं तांबं पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, पोलादासारखं कडक होत नाही. पनवेलहून एक्स्प्रेसवेने गेलं तर पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी दोन-अडीच तासांवर आहे. पेशवाईत कोकणातून तिथे गेलेल्या तांबटांचं मठारकाम, म्हणजे पृष्ठभागावर ओळीने पाडलेल्या हातोडीच्या खुणा, आजही प्रसिद्ध आहे. त्या खुणा शोभेच्या वाटतात, पण त्यांनीच पातळ पत्र्याला बळकटी येते. म्हणून बंब चकचकीत करण्यासाठी ग्राइंडर फिरवणं हा शुद्ध अडाणीपणा. चिंच, मीठ आणि थोडा धीर पुरतो.

आता तो लावायचा कुठे? पनवेलच्या आसपास फार्महाउसची कमी नाही आणि पावसाळ्यात तिथली वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ३० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १.२ युनिट वीज लागते. तेवढ्याच कामाला बंबात साधारण अर्धा-पाऊण किलो सुकं लाकूड पुरावं. नारळाच्या करवंट्या आणि सोडणं तर आवारातच पडलेली असतात.

दोन गोष्टी मात्र जिवाशी आणि बंबाशी खेळणाऱ्या आहेत. पहिली, फ्लॅटच्या बाथरूममध्ये किंवा कुठल्याही बंद खोलीत बंब पेटवायचा नाही. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि तो जीव घेतो. जुनी न्हाणीघरं परसात असायची, वर कौलं आणि फटींतून वारा. आजच्या टाइल्स लावलेल्या बाथरूममध्ये ती सोय नाही. बंब उघड्यावर, पत्र्याच्या शेडखाली ठेवा. दुसरी, रिकामा बंब पेटवायचा नाही. पाणी आहे तोवर तांबं १०० अंशांच्या फार वर जात नाही. पाणी संपलं की कथलाचा डाख २३२ अंशांच्या आसपास, कधी त्याआधीही, वितळतो आणि सांधा उघडतो. जेवढं गरम पाणी काढलं तेवढं गार लगेच ओता, आणि ओतायचं तोंड कधीही घट्ट बंद करू नका, वाफेला वाट हवी.

हे पाणी अंघोळीचं आणि धुण्याचं. पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी ते वापरू नये, कारण जुन्या डाखात शिसं असू शकतं.

नळी पार गेली असेल आणि दुरुस्ती परवडत नसेल, तर पिंपाला भोकं पाडू नका. वरचं झाकण काढता येत असेल तर आत कुंडी ठेवून अंगणात लावा. पुढे कधी तांबट भेटलाच तर बंब पुन्हा जोडून घेता येतो.