रद्दीतला रावण

टाकाऊ वस्तूंतून कला करणाऱ्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात नाशिक शहरातलं एखादं दालन असावं. मी पेठचा रस्ता धरला. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्याचं जगभर कौतुक झालं. सावळघाटाच्या पलीकडे रद्दी, चिंध्या आणि बांबू यांतून दहा तोंडांचा रावण उभा राहतो, आणि तो नाचतोही.

हा बोहाडा. कुठे त्याला भोवाडा म्हणतात, कुठे आखाडी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे तालुके आणि पलीकडचे जव्हार-मोखाडा हा त्याचा मुलूख. होळीनंतर वैशाखापर्यंत गावोगाव आपापल्या तिथीला रात्रभर सोंगं निघतात. आधी गणपती, सरस्वती, मग देव, राक्षस, वेताळ. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत. लाकूड जड, ते डोक्यावर बांधून नाचणं म्हणजे मानेची परीक्षा; म्हणून कागद आला. इतिहास एवढा पुरे, कारण मला ओढ होती ती मुखवट्याच्या आतल्या बाजूची.

एका म्हाताऱ्या कारागिरांनी मला भीमाचा मुखवटा उलटा करून दाखवला. बाहेर लालभडक गाल, वटारलेले डोळे, मिशा. आत निव्वळ कागद: वर्तमानपत्राचे तुकडे, शाळेच्या वहीची पानं, निवडणुकीचं एक पत्रक. अक्षरं अजून वाचता येत होती. रद्दी भिजत घालायची, कुटून लगदा करायचा, त्यात मेथीची पूड आणि डिंक मिसळायचा. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही. मातीच्या साच्यावर लगद्याचा थर द्यायचा, वाळला की दुसरा. घाई केली तर आत ओल राहते आणि मुखवटा वाकडा होतो. मग वर पांढऱ्या मातीचा हात आणि शेवटी रंग. दरवर्षी नाचून कान तुटतो, हनुवटीला तडा जातो. त्यावर नवा कागद चढतो. त्यामुळे जुन्या मुखवट्यात किती वर्षांची रद्दी एकावर एक बसली आहे, हे त्यांनाही सांगता येईना.

“बाबा, सोंग घेणाऱ्याला दिसतं कुठून?” मी विचारलं.

“डोळ्यांतनं नाही. हे बघा, नाकपुडीतनं.”

रंगवलेले डोळे बंदच होते. बघायची भोकं नाकाशी, खाली, म्हणजे पायाखालची जमीन आणि पुढचा टेंभा दिसावा एवढीच. आत डोक्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची चुंबळ, तिच्यावर सगळा भार. रावणाच्या बाकीच्या तोंडांना मागून बांबूच्या कामट्यांचा आधार. दोन्हीकडे वजन सारखं पडलं नाही तर संबळ-पिपाणी सुरू झाल्यावर मान फिरते आणि सोंग कोसळतं. ही तोलाची विद्या कुठल्याही कलाशाळेच्या अभ्यासक्रमाच्या तोडीची आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि रंगही टेंभ्यासाठीच दिलेला असतो. खालून हलता उजेड आला की गालांवरच्या पट्ट्या हलतात, चेहरा क्षणात हसरा, क्षणात उग्र होतो. आता गावोगाव हॅलोजन लागतात. पांढऱ्या स्थिर उजेडात तोच मुखवटा दुकानातल्या खेळण्यासारखा सपाट दिसतो. मला ही खरी हानी वाटते. दिव्याची सोय कुणी नाकारणार नाही, पण सोंग चालत असताना तरी दिवे विझवता येतील.

शहरातलं गिऱ्हाईक येतं ते भिंतीवर टांगायला लहान मुखवटे मागत. पुरुलियाच्या छाऊ मुखवट्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वारली चित्रांना त्याआधीच, २०१४ मध्ये. असं काही इथल्या मुखवट्यांनाही लाभावं. पण भिंतीवरच्या मुखवट्याला नाकपुडीतलं भोक लागत नाही, चुंबळ लागत नाही, तोलही नाही. तसेच घडवत राहिलं तर पुढच्या पिढीच्या हाताला रंग येईल, बांधणी येणार नाही.

त्याहून मोठी अडचण ऋतूची आहे. थर वाळायला कडक ऊन हवं, म्हणून हे काम दिवाळीनंतर होळीपर्यंतच होतं. नेमका तोच काळ दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांचा. थिनिंग, मग तोडणी, मग पॅकिंग. रोजची रोकड मजुरी. बाबांचा पुतण्या त्याच कामाला जातो. लगदा कुटायला, साचा धरायला त्याचे हात हवे असतात, पण मुखवट्याचे पैसे गाव वर्गणी गोळा झाल्यावर देतं, तेही थोडे. त्याला दोष कसा द्यायचा? ज्यांना ही कला टिकावी असं वाटतं, त्यांनी सत्काराचा खर्च वाचवून त्या चार महिन्यांची एका शिकाऊ मुलाची मजुरी द्यावी, आणि मागणी नोंदवताना भिंतीसाठी नव्हे, नाचणाऱ्या माणसाच्या डोक्याच्या मापाचा मुखवटा मागावा.